शेजारी कोण ठरवतं? इंडियानातल्या शाळांची साखळी आणि तिची बदलती सभासद-यादी



आजचा विषय जरा आडवळणाचा वाटेल. अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या राज्यातल्या हायस्कुलांच्या क्रीडासंघाचा इतिहास आपण का ऐकायचा? पण या व्याख्यानमालेत आम्ही नेहमी एक गोष्ट सांगत आलोय. समाज कसा बदलला हे कळायला प्रत्येक वेळी राजे आणि कायदेच बघावे लागतात असं नाही. कधी कधी एखाद्या मंडळाची सभासद-यादी घेऊन बसावं. कोण कधी आत आलं, कोण बाहेर गेलं, कुणाला कधीच घेतलं नाही, एवढं जरी ओळीनं वाचलं तरी बरंच काही दिसतं. आज आपण तशीच एक यादी वाचणार आहोत.

सुरुवात एका गावापासून करू. मार्टिन्सव्हिल, इंडियाना. १९२० च्या दशकात गावाची लोकसंख्या पाच हजारांच्या आत. १९२४ मध्ये तिथल्या हायस्कुलासाठी नवी जिम बांधली गेली, बास्केटबॉलचं बंदिस्त क्रीडागृह. त्यात बसायच्या जागा किती? पाच हजारांच्या वर. म्हणजे तान्ह्या पोरापासून आजीपर्यंत सगळं गाव आत बसवलं तरी काही बाकं रिकामी राहतील. तिथं खेळलेला एक मुलगा म्हणजे जॉन वुडन, पुढे अमेरिकेचा सर्वांत नामवंत प्रशिक्षक झालेला. १९२७ मध्ये त्याच्या संघानं राज्याचं विजेतेपद मिळवलं.

हे वेड आलं कुठून? बास्केटबॉलचा शोध लागला १८९१ च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्डमध्ये. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं हिवाळ्यात मुलांना आत खेळता यावं म्हणून तो काढला. वाय.एम.सी.ए.मार्फत तो जगभर पसरला, आपल्याकडेही आला. इंडियानात मात्र त्याला वेगळीच जमीन मिळाली. शेतीची लहान गावं, लांबलचक हिवाळा, शेतात काम नाही, आणि शाळा इतक्या लहान की फुटबॉलला लागणारी अकरा धडधाकट मुलं जमायची नाहीत. पाच मुलं मात्र कुठल्याही गावात मिळतात. १९११ मध्ये पहिली राज्यस्पर्धा झाली आणि क्रॉफर्ड्सव्हिलनं ती जिंकली. पुढे मार्च महिना आला की सगळं राज्य त्या स्पर्धेकडे डोळे लावून बसायचं.

आता एक फरक नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे मुंबईत हॅरिस शील्ड, गाइल्स शील्ड या शालेय क्रिकेटच्या स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आल्या. १९८८ मध्ये शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीनं ६६४ धावांची भागी केली, ती हॅरिस शील्डमध्येच. तिथं शाळा प्रवेश घेते, खेळते, हरली की घरी जाते. स्पर्धा एका वर्षापुरती. इंडियानात दोन पातळ्या आहेत. एक राज्याची संघटना, १९०३ मध्ये स्थापन झालेली. नियम तिचे, मार्चमधली राज्यस्पर्धा तिची. आणि दुसरी पातळी म्हणजे कॉन्फरन्स. आठ-दहा शाळा आपापसांत ठरवून एकत्र येतात. दरवर्षी प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. वेळापत्रक, पंच, नियम, ढाल, सगळं समाईक. आपण तिला शाळांची साखळी म्हणू.

या दोन्हीतला मोठा फरक असा की साखळी ही स्वेच्छेची असते. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हे सभासद शाळाच ठरवतात. मुख्याध्यापक बसतात आणि मत देतात. साखळीत असण्याला मोल आहे, कारण वर्षाचे सामने ठरलेले असतात. शुक्रवारी रात्री शेजारच्या गावाचा संघ येतो, जिम भरते, तिकिटांचे पैसे जमतात, त्यावर बाकीचे खेळ चालतात. साखळीबाहेरच्या शाळेला मात्र दर वर्षी दारोदार विचारत फिरावं लागतं: आमच्याशी खेळता का?

१९२६ मध्ये मध्य इंडियानातल्या काही मोठ्या शाळांनी अशी एक साखळी केली, नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स. पुढच्या काळात तिच्या यादीत जी नावं दिसतात ती बघा: मन्सी, अँडरसन, मॅरियन, कोकोमो, न्यू कॅसल, रिचमंड, लोगन्सपोर्ट, लफायेट, फ्रँकफर्ट. ही शेतीची खेडी नव्हेत. ही कारखान्यांची शहरं. नैसर्गिक वायू सापडला म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या पट्ट्यात काचेचे कारखाने आले, मग मोटारींच्या सुट्या भागांचे. मन्सीत बॉल बंधूंच्या काचेच्या बरण्या. अँडरसनमध्ये जनरल मोटर्सच्या दोन मोठ्या शाखा: डेल्को रेमी आणि गाइड लॅम्प. एकीत गाडीचे विजेचे भाग व्हायचे, दुसरीत दिवे.

ही साखळी राज्यातली सर्वांत तगडी गणली जायची. फ्रँकफर्टनं १९२५ ते १९३९ या काळात चार वेळा राज्य जिंकलं. मन्सी सेंट्रल या शाळेची आजवरची विजेतेपदं आठ, मॅरियनचीही आठ. मन्सी हे तेच शहर, ज्याचा अभ्यास करून लिंड दांपत्यानं १९२९ मध्ये 'मिडलटाउन' हे समाजशास्त्रातलं गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यांच्याही नजरेतून हे सुटलं नाही की एरवी वर्गांमध्ये विभागलेलं हे शहर बास्केटबॉलच्या संघामागे एकत्र येतं. कारखान्याचा मालक आणि लेथवरचा कामगार एकाच बाकावर बसून एकाच संघासाठी ओरडतात. शहराला शहरपण देणारी ती गोष्ट होती.

इथवरचं चित्र गोड आहे. आता प्रश्न विचारू: त्या बाकावर कोण नव्हतं?

१९२० च्या दशकात इंडियानात कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा मोठा जोर होता. राजकारणात, नगरपालिकांत, शाळामंडळांवर तिचा प्रभाव होता. त्याच वातावरणात इंडियानापोलिस या राजधानीच्या शहरानं १९२७ मध्ये एक नवं हायस्कूल उघडलं: क्रिस्पस ॲटक्स. शहरातल्या सगळ्या कृष्णवर्णीय मुलांनी यापुढे याच शाळेत जायचं. त्याआधी ती शहरातल्या इतर हायस्कुलांत शिकत होती. शाळेला नाव दिलं १७७० मध्ये बोस्टनच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय माणसाचं. शिक्षक मात्र अव्वल मिळाले, अनेक जण उच्च पदव्या घेतलेले. कारण सरळ होतं: विद्यापीठं त्यांना नोकरी देत नव्हती.

आणि ही शाळा राज्याच्या क्रीडासंघटनेची सभासद होऊ शकत नव्हती. संघटनेचे प्रमुख होते आर्थर ट्रेस्टर. १९१३ पासून १९४४ मध्ये मृत्यू होईपर्यंत कारभार त्यांच्या हातात. त्यांचं म्हणणं असं की सभासदत्व सार्वजनिक शाळांना आहे, आणि सार्वजनिक म्हणजे सर्वांना खुली. ॲटक्समध्ये फक्त कृष्णवर्णीय मुलं जातात, म्हणजे ती सर्वांना खुली नाही, म्हणजे ती सार्वजनिक नाही. कॅथलिक पंथाच्या शाळाही याच न्यायानं बाहेर.

मंडळी, हा युक्तिवाद जरा थांबून बघा. शाळा बंद कुणी केली? मुलांनी नाही, त्यांच्या आईबापांनी नाही. शहराच्या शाळामंडळानं केली. आधी एका हातानं तुम्हाला वेगळ्या खोलीत बसवायचं, आणि मग दुसऱ्या हातानं सांगायचं की तुमची खोली सर्वांना खुली नाही, म्हणून तुम्हाला सभासद करता येत नाही. कागदावर नियम अगदी सरळ, त्यात रंगाचा शब्दही नाही. काम मात्र चोख.

यातला विरोधाभास आणखी तिखट आहे. साखळीतल्या मन्सीसारख्या शहरांत वेगळं कृष्णवर्णीय हायस्कूल नव्हतं. तिथली कृष्णवर्णीय मुलं शहराच्याच हायस्कुलात जायची आणि तिथल्या संघातून राज्यस्पर्धेत खेळलीही. म्हणजे मन्सीतला मुलगा खेळू शकायचा आणि शंभरेक किलोमीटरवरच्या राजधानीतला त्याचा मावसभाऊ नाही. फरक मुलात नव्हता, यादीत होता. पण म्हणून साखळीची शहरं फार उदार होती असंही समजू नका. मॅरियन याच साखळीतलं. तिथं ऑगस्ट १९३० मध्ये जमावानं तुरुंग फोडून दोन कृष्णवर्णीय तरुणांना न्यायालयाच्या चौकात फाशी दिलं. एकाच गावात हेही होतं आणि तेही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. त्याच काळात मुंबईत धर्मावर आधारलेल्या क्रिकेट स्पर्धा चालत. हिंदूंच्या संघात पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले असामान्य गोलंदाज. त्यांच्या हातचा चेंडू चालायचा, पण कप्तानपद त्यांच्यापर्यंत येऊ दिलं गेलं नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये कप्तान झाले, तेही बऱ्याच वादानंतर. आत घेणं आणि बरोबरीनं आत घेणं यांत अंतर असतं, ते असं.

परत इंडियानात येऊ. सभासदत्व नव्हतं त्या पंधरा वर्षांत ॲटक्सचा संघ काय करायचा? इतर कृष्णवर्णीय शाळांशी, कॅथलिक शाळांशी खेळायचा, त्यासाठी दुसऱ्या राज्यांतही जायचा. १९४१ मध्ये रॉबर्ट ब्रोकनबर या कृष्णवर्णीय सेनेटरनं विधिमंडळात विधेयक मांडलं की सर्व शाळांना सभासद करून घ्यावं. ते मंजूर झालं नाही. पण दबाव तयार झाला, युद्धही तोंडावर होतं, आणि १९४२ मध्ये संघटनेनं स्वतःहून दार उघडलं. कृष्णवर्णीय आणि कॅथलिक, दोन्ही शाळा आत आल्या.

राज्याच्या संघटनेचं दार उघडलं म्हणजे साखळ्यांचंही उघडलं, असं मात्र झालं नाही. मघाशी म्हटलं तसं, साखळी स्वेच्छेची. ॲटक्सला हंगामाचं वेळापत्रक भरायला शहराबाहेरच्या लहान लहान शाळांकडे जावं लागे. त्यांची स्वतःची जिम इतकी लहान की घरच्या मैदानावर मोठा सामना घेताच येत नसे. या संघाला 'घरचा' सामनाही दुसऱ्याच्या घरात खेळावा लागे.

पण मार्च महिना वेगळा होता. राज्यस्पर्धेत साखळी बघत नाहीत. सोडत निघते, समोर येईल त्याच्याशी खेळायचं. आणि इथं आपल्या गोष्टीला रंग चढतो. १९५१ मध्ये ॲटक्ससमोर आलं अँडरसन, नॉर्थ सेंट्रलचा दादा संघ. शेवटच्या क्षणी बेली रॉबर्टसन नावाच्या मुलानं चेंडू टाकला आणि ॲटक्स ८१-८० नं जिंकलं. त्या बेलीचा धाकटा भाऊ ऑस्कर. १९५५ मध्ये ऑस्कर रॉबर्टसनचा संघ मन्सी सेंट्रलसमोर उभा राहिला आणि ७१-७० असा, एका गुणानं, जिंकला. पुढे अंतिम सामन्यात समोर होतं गॅरी शहरातलं रूझवेल्ट हायस्कूल, तेही कृष्णवर्णीय मुलांचंच. ॲटक्सनं ९७-७४ नं तो जिंकला. तेरा वर्षांपूर्वी ज्यांना प्रवेश नव्हता अशा दोन शाळा राज्याच्या शेवटच्या सामन्यात एकमेकांसमोर होत्या. सर्वांना खुल्या असलेल्या राज्यस्पर्धेचं विजेतेपद मिळवणारी ती देशातली पहिली सर्व-कृष्णवर्णीय शाळा. १९५६ मध्ये एकही सामना न हरता त्यांनी ते पुन्हा मिळवलं. अंतिम सामन्यात हरवलं कुणाला? लफायेट जेफरसनला, म्हणजे पुन्हा नॉर्थ सेंट्रल. साखळीत ज्यांच्याशी कधी गाठ पडली नाही, त्यांच्याच अँडरसन, मन्सी, लफायेट या तिन्ही गडांवर ॲटक्सनं मार्चमध्ये स्वारी केली.

आणि १९५५ च्या विजयाच्या रात्री काय झालं? रिवाज असा की विजेता संघ शहराच्या मध्यवर्ती स्मारकाच्या चौकात मिरवणुकीनं जातो, तिथं जल्लोष होतो. ॲटक्सच्या मिरवणुकीला चौकात रेंगाळू दिलं नाही. त्यांना कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका बागेत नेऊन शेकोटी पेटवून दिली. ऑस्कर रॉबर्टसन पुढे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला गेला, पण ती रात्र तो विसरला नाही. आयुष्यभर त्याबद्दल बोलत राहिला. यादीत नाव आलं, चौकात जागा नाही आली.

आता यादीचं दुसरं पान. त्याच दशकातली इंडियानाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट वेगळीच आहे. १९५४. मिलान नावाच्या गावातलं हायस्कूल, विद्यार्थी १६१. अंतिम सामन्यात समोर मन्सी सेंट्रल, विद्यार्थी सोळाशेच्या वर. शेवटच्या सेकंदाला बॉबी प्लम्पनं बास्केट केलं, ३२-३०. त्यावर १९८६ मध्ये 'हूझिअर्स' हा चित्रपट निघाला. त्या वर्षी स्पर्धेत ७५१ शाळा होत्या. लहान-मोठी असा भेद नाही, सगळ्यांची एकच स्पर्धा. इंडियानाला या गोष्टीचा फार अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

पण मिलान जिंकलं तेव्हाच मिलानसारख्या शाळांचा काळ संपत आला होता. १९५९ मध्ये राज्यानं शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा केला. तेव्हा राज्यात नऊशेहून जास्त शाळामंडळं होती, आज तीनशेच्याही आत आहेत. कायद्याचा हेतू वाईट नव्हता. शंभर मुलांच्या हायस्कुलात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा कुठून येणार, परदेशी भाषेचा शिक्षक कुठून येणार? चार गावांची शाळा एक केली तर हे सगळं देता येतं. मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीनं हे योग्यच होतं, असं आमचंही मत आहे.

पण किंमत काय पडली तीही बघू. नव्या शाळेला नाव काय द्यायचं? चारांपैकी एका गावाचं दिलं तर बाकीची तीन रुसणार. मग दिशांची नावं आली: नॉर्थ मॉन्टगोमरी, साउथमॉन्ट. किंवा कुठल्याच गावाचं नसलेलं नाव, जसं मन्सीबाहेरचं डेल्टा. शाळा बांधली चार गावांच्या मधल्या शेतात, जिथं कुणीच राहत नाही. गावाचा संघ गेला, त्याचे रंग गेले, टोपणनाव गेलं. शुक्रवारी रात्री गावात दिवा लागण्याचं कारणच गेलं. जुन्या साखळ्या मोडल्या, कारण सभासदच उरले नाहीत. नव्या साखळ्या झाल्या. १९५४ च्या ७५१ शाळांपैकी शतक संपता संपता जेमतेम निम्म्या उरल्या होत्या.

याच काळातला एक बदल मात्र निखळ भर घालणारा. १९७२ च्या समानतेच्या केंद्रीय कायद्यानंतर मुलींच्या खेळांना शाळांत जागा मिळाली. १९७६ मध्ये इंडियानात मुलींची पहिली राज्यस्पर्धा झाली, वॉर्सॉ हायस्कुलानं ती जिंकली. पासष्ट वर्षं 'आमचं गाव' म्हणून जे काही मैदानात उतरत होतं, त्यात गावातल्या अर्ध्या मुलांना जागाच नव्हती. कुठल्याही यादीत हे लिहिलेलं नव्हतं. कारण ते कुणाला लिहावंसंही वाटलं नाही.

खेड्यांच्या शाळा कमी होत होत्या तेव्हा कारखान्यांच्या शहरांत उलटं चाललं होतं. तिथं शाळा वाढत होत्या. अँडरसनमध्ये तीन हायस्कुलं झाली: अँडरसन, मॅडिसन हाइट्स, हायलँड. मन्सीत तीन: सेंट्रल, साउथसाइड, नॉर्थसाइड. कोकोमोत दोन. न्यू कॅसलनं १९५९ मध्ये नऊ हजारांच्या वर जागांची जिम बांधली, जगातली सर्वांत मोठी शालेय जिम म्हणून ती ओळखली जाते. अँडरसननं १९६१ मध्ये 'विगवॉम' बांधली, जवळजवळ नऊ हजार जागांची. हंगामाची तिकिटं म्हणे लोक मृत्युपत्रात लिहून ठेवत. पैसा कुठून आला? कारखान्यांतून. भरल्या दोन-तीन पाळ्या, युनियनचा पगार, आणि शुक्रवारी सगळं शहर जिममध्ये.

मग ती लाट ओसरली. १९७० च्या दशकात अँडरसनमध्ये जनरल मोटर्सचे वीस हजारांहून जास्त कामगार होते. २००७ च्या आसपास शेवटचं कामही थांबलं. लोकसंख्या सत्तर हजारांवरून पंचावन्न हजारांवर आली. मन्सीतून बॉल कंपनीनं १९९८ मध्ये आपलं मुख्यालय कोलोराडोला हलवलं, बोर्गवॉर्नरचा कारखाना २००९ मध्ये बंद झाला. गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं काहीच समजावून सांगायला नको.

आता यादी वाचा. कोकोमोतलं दुसरं हायस्कूल १९८४ मध्ये पहिल्यात विलीन. मन्सी नॉर्थसाइड १९८८ मध्ये हायस्कूल म्हणून बंद. अँडरसनचं मॅडिसन हाइट्स १९९७ मध्ये बंद. हायलँड २०१० मध्ये. मन्सी साउथसाइड २०१४ मध्ये. आणि विगवॉम? २०११ मध्ये तिचं दार लागलं. एवढी मोठी इमारत गरम ठेवायचा, दुरुस्त ठेवायचा खर्च शाळामंडळाला झेपेना. नऊ हजार जागा होत्या, पण तेवढी माणसं शहरात उरली नव्हती, किंवा उरलेल्यांना यायचं कारण उरलं नव्हतं.

मग साखळीचं काय झालं? खेड्यांची साखळी कायद्यानं मोडली होती. शहरांची साखळी सभासदांच्याच निर्णयांनी हलू लागली. साखळी टिकते दोन गोष्टींवर: शाळा साधारण सारख्या आकाराच्या हव्यात, आणि फार लांब नकोत. लफायेट ते रिचमंड अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त. पूर्वी मोठ्या संघांशी खेळायचा मान म्हणून शाळा तेवढी वाट तुडवत. आता डिझेलचा खर्च, रात्री उशिरा परतणारी मुलं, आणि समोर निम्म्या भरलेल्या जिम. न्यू कॅसल २०१३ च्या सुमारास बाहेर पडलं आणि आपल्या आकाराच्या शाळांच्या दुसऱ्या साखळीत गेलं. हंटिंग्टन नॉर्थ २०१५ मध्ये ईशान्येच्या नव्या साखळीत गेलं. फ्रँकफर्ट, चार विजेतेपदांचं फ्रँकफर्ट, त्याआधीच लहान शाळांच्या सॅगमोर साखळीत गेलेलं होतं. रिकाम्या जागी लफायेटच्या बाहेरची हॅरिसन आणि मॅकचियन ही हायस्कुलं आली, इंडियानापोलिसमधलं आर्सेनल टेक आलं. दरम्यान राजधानीभोवतीच्या श्रीमंत, वाढत्या उपनगरांनी २००० च्या सुमारास आपली वेगळी साखळी उभी केली होती: हूझिअर क्रॉसरोड्स. आज राज्याचं वजन तिकडे आहे.

राज्यस्पर्धाही बदलली. १९९७ मध्ये शेवटची एकत्र स्पर्धा झाली. त्यानंतर शाळांचे आकारानुसार चार गट केले, चार वेगवेगळे विजेते. शाळांच्या प्रमुखांचा कौल बदलाच्या बाजूनं गेला. पण सामान्य प्रेक्षकाला ते रुचलं नाही, आजही अनेकांना रुचत नाही. लहान शाळांचं म्हणणं होतं की मिलान एकदाच झालं, बाकी दर वर्षी आम्ही हरायलाच जातो. विरोधकांचं म्हणणं होतं की हरलो तरी समोर मोठा संघ असायचा. दोघांचंही खरं आहे. योगायोग बघा, त्या शेवटच्या एकत्र स्पर्धेत अंतिम सामन्यात हरलेला संघ होता डेल्टा. गावांच्या शाळा मोडून शेतात उभी केलेली ती शाळा.

आता या यादीचे तीन कप्पे एकत्र मांडू. पहिल्यात शाळेला बाहेर ठेवलं गेलं, नियमाच्या आडून. दुसऱ्यात शाळा संपली, कायद्यानं, चांगल्या हेतूनं. तिसऱ्यात शाळा आकसली किंवा निघून गेली, आणि निर्णय कुणी घेतला हे सांगताच येत नाही. कारखान्याचा निर्णय दूरच्या शहरात झाला, लोकांनी घरं बदलली ती एकेकट्यानं, साखळीतून बाहेर पडण्याचं मत मुख्याध्यापकानं खर्चाचा हिशोब मांडून दिलं. प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं. पण सगळं मिळून झालं असं की ज्यांना निवड करता येते त्यांनी आपल्यासारखे शेजारी निवडले, आणि ज्यांना करता येत नाही ते उरले.

आम्हाला वाटतं, पहिल्या आणि तिसऱ्या कप्प्यातलं नातं इथं आहे. ट्रेस्टर म्हणाले होते की नियम सर्वांना सारखा. आज म्हणतात की सभासदत्व ज्याच्या त्याच्या मर्जीचं. दोन्ही वाक्यं ऐकायला निर्दोष आहेत. त्यांचा परिणाम कुणावर होतो ते बघितल्याशिवाय त्यांचा अर्थ कळत नाही. १९४२ मध्ये दार उघडलं तेव्हा खेळाचं काय झालं? खेळ मोठा झाला. ॲटक्स नसतं तर १९५५ चा इंडियाना आज कुणाला एवढा आठवला असता का?

ॲटक्सची पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो आणि थांबतो. वर्णभेद संपवायच्या न्यायालयीन लढायांनंतर शहराच्या शाळांची फेरमांडणी झाली, आणि १९८६ मध्ये ॲटक्सचं हायस्कूलपण काढून घेतलं गेलं. तिथं खालच्या वर्गांची शाळा राहिली. भेदाच्या काळात जी शाळा उभी राहिली, ती समतेच्या नावानं झालेल्या फेरबदलात मिटली. २००६ मध्ये ती पुन्हा हायस्कूल झाली. आणि २०१७ मध्ये ॲटक्सनं आपल्या गटाचं राज्यविजेतेपद मिळवलं, १९५९ नंतर, अठ्ठावन्न वर्षांनी. मुलांच्या गळ्यात पदकं घालायला ऑस्कर रॉबर्टसन स्वतः उभा होता. पंचाहत्तरी ओलांडलेली होती त्यानं. ते वर्षानुवर्षं चौकाबाहेर ठेवलेलं नाव पुन्हा एकदा ढालीवर कोरलं गेलं.

आपल्या शहरांतही शाळांच्या कपाटांत जुन्या ढाली आहेत, त्यांवर चांदीच्या छोट्या पट्ट्या आहेत, पट्ट्यांवर शाळांची नावं. त्यातल्या काही मराठी शाळा आता बंद झाल्यात, काहींचं मैदान गेलंय, काहींचे वर्ग रिकामे आहेत. कधी जमलं तर अशी एखादी ढाल बाहेर काढा, ओळीनं नावं वाचा. कोण कधी दिसायचं थांबलं ते टिपून ठेवा. आणि हेही विचारा, की जे नाव कधी आलंच नाही ते कुणाचं असतं. इतिहास लिहायला सुरुवात करायला एवढं पुरे आहे.

 आता प्रश्न घेऊ.